भिंतीवर लिहिणारे आणि पाटीवर लिहिणाऱ्या

(भात झोडून झाल्यावर मुरबाड तालुक्यातील एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींची बैठक भरली होती. शहापूरकडूनही बरीच मंडळी आली होती. त्या बैठकीत एका सुतार बंधूंनी केलेले हे भाषण वाचकांसाठी देत आहोत.)



मी वक्ता नव्हे. माझा हात लाकडावर चालतो तितकी जीभ चालत नाही. तरी पंचमंडळींनी आज्ञा केली की, दिवस वाईट असता माणसाने कशाच्या बळावर उभे राहावे, ह्याविषयी चार शब्द बोल. मी म्हटले, ह्या विषयावर बुवा-महाराज बोलतात, त्यांना बोलवा. तर आमचे पाटीलकाका म्हणाले, "बुवा सांगतो ते आम्ही ऐकले आहे. तू काय केलेस ते सांग." त्यांचा शब्द मोडवेना म्हणून उभा राहिलो आहे. चुकेल ते पोटात घाला.

प्रथम आपली स्थिती काय आहे ती बोलून टाकू, म्हणजे कोणी म्हणावयास नको की हा हवेत बोलतो. आपल्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले; तेव्हापासून हे पाणी मुंबईस जाते. भातसाचे धरण मागाहून झाले, आणि आज मुंबई जे पाणी पिते त्यातले सुमारे निम्मे भातसाचे असते. आणि त्याच तालुक्यातल्या आमच्या मायबहिणी चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. मुरबाडची गत फार वेगळी नाही. एक भाताचे पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. दिवाळी झाली की कातकरी आणि ठाकूर बांधवांची बिऱ्हाडे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती मृगाच्या आगेमागे परततात. कुणाची जमीन धरणात गेली, कुणाची रस्त्यात गेली. पोरगा बारावी झाला तर कारखान्याच्या दारात ठेकेदाराच्या हाताखाली उभा. ह्यात मी काही वाढवून सांगत नाही; तुम्ही रोज भोगता तेच सांगतो.

पण पाण्याची टंचाई झाली तर उशिरा का होईना, टँकर येतो. माणसाचे मनच कोरडे पडले तर त्याला कोण टँकर पाठवणार? हा प्रश्न मला स्वतःला एकदा पडला होता, म्हणून आधी माझीच हकीकत थोडक्यात सांगतो.

माझे आजोबा गावचे बलुतेदार सुतार. नांगर, जू, गाडीची चाके, दाराच्या चौकटी, सारे त्यांच्या हातचे. त्याबद्दल खळ्यावर भात मिळे. वडिलांच्या काळात लोखंडी नांगर आले, मग ट्रॅक्टर आले, गाडी मोडीत निघाली. वडिलांनी मला बजावले की, "ह्या वाकसात आता भाकर नाही, तू कारखान्यात जा." मी गेलो. चौदा वर्षे कल्याणकडच्या एका कारखान्यात होतो. तो एके दिवशी बंद पडला. फाटकावर कागद चिकटवलेला होता, एवढाच निरोप. चाळिशी ओलांडलेला मनुष्य घरी आला तो मोकळ्या हाताने. त्यानंतर मी सेंटरिंगच्या कामाला लागलो. आजही जातो, लपवीत नाही. शहरात इमारती उठतात, तेथे स्लॅबखाली प्लायच्या फळ्या ठोकायच्या, टेकू द्यायचे, आणि स्लॅब धरला की पंधरा-वीस दिवसांनी ते सारे उखडून काढायचे. मजुरी मिळते. परंतु बंधूंनो, विचार करा, सुताराच्या पोटी जन्मलेला मनुष्य रोज जे ठोकतो ते उखडण्यासाठीच ठोकतो! इमारत उभी राहते, तिच्यात माझ्या हातचे एक टाचणीएवढे लाकूड राहत नाही. संध्याकाळी घरी येई तो अंग दमलेले आणि मन रिकामे. मग बसस्टँडमागच्या गुत्त्यात जाऊन ते भरू लागलो. घरच्या मंडळींनी काय सोसले ते त्या येथे बसल्या आहेत त्यांनाच ठाऊक. त्यांच्यासमोर मी जास्त बोलत नाही.

ह्या दिवसांत एकदा वीज गेलेली असता मी माळ्यावर कंदील शोधावयास चढलो आणि आजोबांची पेटी हाती लागली. वाकस, पटाशा, रंधा, गिरमिट. गंज चढलेला. का कोण जाणे, मी त्या रात्री पटाशीला धार लावीत बसलो. शेजारच्या घरी सून बाळंत होणार होती. आमच्या पडवीत शिवणीचे एक ओंडके कित्येक वर्षे पडून होते. मी पाळणा करावयास घेतला. कोणी सांगितले नव्हते. सेंटरिंगवरून आलो की दिवा लागल्यावर तास-दीड तास. चार कोपऱ्यांना चार राघू कोरले. पहिला राघू कावळ्यासारखा झाला, पुढचे बरे झाले. सव्वा महिना लागला. त्या सव्वा महिन्यात मी गुत्त्यात गेलो नाही. न जाण्याचा निश्चय वगैरे काही केला नव्हता, तेथे जाण्यास वेळच राहिला नाही. शेजाऱ्यांनी दोन पायली तांदूळ आणि टोपी दिली. मजुरीच्या हिशेबाने पाहाल तर तोटाच. पण त्या घरात ते मूल रडायचे थांबले की मला आमच्या घरी कळत असे, की आता ते माझ्या पाळण्यात आहे.

आता माझी गोष्ट बाजूला ठेवतो, कारण माझे ते काय? ह्याहून फार मोठे उदाहरण आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात घडले आहे आणि आपल्यातल्या निम्म्यांना ते ठाऊक नाही. डहाणू तालुक्यात गंजाड म्हणून गाव आहे. २०१४ च्या ऑगस्टपासून तो मुलूख पालघर जिल्ह्यात गेला, पूर्वी ठाण्यातच होता. तेथे जिव्या सोमा मशे नावाचे वारली गृहस्थ होऊन गेले. लहानपणीच आई मेली. त्या धक्क्याने पोराची वाचा बसली. बोलणेच सोडले. भूक लागली, दुखले, हवे-नको, काय ते बोटाने धुळीत आकृती काढून दाखवी. ज्याच्याजवळ आई नाही, जमीन नाही, शब्दसुद्धा नाही, अशा पोराची धूळ ही पाटी झाली! मोठेपणी ते शेतमजुरी करीत, दुसऱ्याच्या बांधावर राबत. आणि चित्रे काढीत.

ह्या चित्रांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण वारली बांधव आपल्या शहापूर-मुरबाडातही आहेत आणि त्यांच्या घरच्या भिंती आपण पाहिलेल्या आहेत. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर गेरू. लग्न निघाले की सवाशिणी तांदूळ वाटून त्याच्या पांढऱ्या पिठाने भिंतीवर चौक काढतात. बांबूची काडी चावून तिचे टोक मऊ करायचे, तीच लेखणी. चौकात पालघट देवी, तिच्याजवळच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, ती गाणी म्हणते. चौकावाचून लग्न लागत नाही. आणि ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, वारली मनुष्य चौक "काढला" असे म्हणत नाही, चौक "लिहिला" म्हणतो. ज्यांना तुम्हीआम्ही अडाणी म्हणून मोकळे झालो, ते लोक पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर लिहीत होते, आणि लिहिणाऱ्या बाया होत्या.

जिव्या मशे ह्यांनी बायांचे हे काम हाती घेतले. लग्न असो वा नसो, रोज लिहू लागले. सन १९७० नंतर सरकारतर्फे भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या भागात हिंडत आले. त्यांनी कागद आणि रंग दिले. बायांनी कागद पाहून संकोच केला म्हणतात; जिव्यांनी केला नाही. १९७६ साली त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिस शहरी जगातल्या चित्रकारांचे मोठे प्रदर्शन भरले होते, त्यात त्यांची चित्रे होती. २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात, वयाची ऐंशी वर्षे ओलांडून ते वारले, ते गंजाडच्याच आपल्या पाड्यावर घर ठेवून. त्यांनी काढले काय? राजेरजवाडे नव्हेत. मासे धरण्याचे जाळे, भाताची लावणी, मुंग्यांची रांग, तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसे. जे रोज पाहिले ते. जाळ्याचे त्यांचे एक चित्र मी छापलेले पाहिले आहे. त्या जाळ्याची एक एक गाठ पाहता पाहता माझे डोळे दुखले. मी मनाशी म्हटले, ह्या माणसाने इतक्या गाठी मारल्या तेव्हा त्याला कुठली भूक आणि कुठली तहान आठवली असेल?

येथे कोणी म्हणेल, आणि म्हणावेच, की "अरे बाबा, आधी पोट, मग चित्र. उपाशी माणसाला कला कसली सांगतोस?" हा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. पाळणा कोरून घरपट्टी भरता येत नाही. धरणाचे पाणी मिळावे म्हणून अर्ज करावे लागतात, मोर्चे काढावे लागतात, वनहक्काच्या दाव्यासाठी प्रांताच्या कचेरीत खेटे घालावे लागतात. ते सोडून कोणी चित्रे काढीत बसा असे मी म्हणत नाही, आणि कोणी सरकारी पाहुणा येऊन तसे म्हणाला तर त्याचे ऐकू नका. कारण गरिबाला "तुमची कला किती सुंदर!" असे म्हणून पाण्याचा प्रश्न टाळण्याची विद्याही अलीकडे निघाली आहे. परंतु ह्या आक्षेपात एक खोट आहे. पोट भरल्यावर करू म्हणून जो थांबला, त्याचे पोट ह्या मुलुखात कधी भरले आहे काय? जिव्या मशे थांबले असते तर मजूर म्हणून मेले असते. तुकोबांचे घ्या. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, दुकान बुडाले, थोरली बायको अन्न अन्न करीत गेली, मूल गेले. त्यानंतर त्यांचे अभंग झाले, सुखात झाले नाहीत. पण संतांचे नाव घेतले की आपण हात जोडतो आणि सुटतो. ते थोर होते, आपण कोण, असे म्हणून पुन्हा पडवीत जाऊन बसतो. म्हणून आता अशी माणसे सांगतो की ज्यांच्यापुढे हात जोडून सुटता येणार नाही, कारण त्या तुमच्या चुलत्या-मावश्या लागतात.

आपल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तेथे जिल्हा परिषदेच्या शाळेत योगेंद्र बांगर नावाचे शिक्षक होते. २०१६ साली शिवजयंतीच्या वेळी गावात वाचन चालले असता काही म्हाताऱ्या बोलून गेल्या की, आम्हांसही असे वाचता आले असते तर बरे झाले असते. असे आपण शंभर वेळा ऐकतो आणि हसतो. ह्या गुरुजींनी हसण्यावारी नेले नाही. मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेचे साह्य मिळाले आणि त्याच वर्षी ८ मार्च रोजी गावात आजीबाईंची शाळा उघडली. विद्यार्थिनी कोण? साठ वर्षांपासून नव्वद वर्षांपर्यंतच्या आज्या. दुपारची घरची कामे उरकून त्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत जाऊ लागल्या. कुणाला डोळ्यांनी नीट दिसत नाही, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला कालचे अक्षर आज आठवत नाही. नातवंडे घरी अभ्यास घेत. साऱ्या मुलुखात बोभाटा झाला, परदेशची माणसे पाहावयास आली.

आता शहाणी माणसे विचारतात, ह्या वयात शिकून करायचे काय? नोकरी लागणार आहे का? मीही प्रथम तसेच विचारले होते. पण त्या म्हातारीच्या बाजूने पाहा. जन्मभर तिने काय केले? भाकरी केली, ती खाऊन संपली. भात लावला, तो कापला गेला. जमीन सारवली, ती उखळली, पुन्हा सारवली. माझ्या सेंटरिंगसारखेच की! साठ वर्षे राबून एक खूण मागे नाही. पेन्शन घ्यावयास बँकेत गेली तर तिच्या नावापुढे निळा अंगठा. आणि अंगठा सगळ्यांचा सारखाच दिसतो. त्या बाईने थरथरत्या हाताने स्वतःचे नाव लिहिले तर ते तिच्या आयुष्यातले पहिले काम आहे, जे कोणी खाऊन टाकीत नाही. तिचे अक्षर वाकडे असेल. माझा पहिला राघूही कावळाच झाला होता.

आणि ह्या आज्या रिकाम्या पाटीनिशी शाळेत आल्या असे समजू नका. जात्यावरच्या ओव्या त्यांच्या पोटात आहेत. आपल्या लहानपणी पहाटे तीनला जाते सुरू होई आणि त्या घरघरीत आईचा आवाज येई, तो तुम्हांला आठवतो ना? भाऊ, माहेर, सासुरवास, मेलेले पोर, विठ्ठल, पिकाची आशा, सारे त्यात. गावोगाव पिठाची गिरणी आली ही बायांवर मोठी कृपा झाली, मी तिच्याविरुद्ध बोलत नाही. दळण दळून ज्यांचे खांदे गेले त्यांना विचारा. पण जाते थांबले तशी ओवीही थांबली. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी मंडळी जमवून गावोगावच्या बायांकडून ह्या ओव्या लिहून घेतल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. लाखाच्या वर! हे एवढे वाङ्मय आमच्या घरांत होते आणि आम्ही म्हणत होतो की आमच्यात कोणी लिहिणारे नाही.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव आपण ऐकले असेल. जन्म १८८० सालचा, आसोद्याचा. शेतकऱ्याची लेक, शेतकऱ्याची सून. तरुणपणी वैधव्य आले, पदरात मुले. अक्षर एक येत नव्हते. शेतात आणि जात्यावर गाणी रचीत आणि गात. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी, त्यांनी आणि घरच्या माणसांनी ती गाणी जमतील तशी टिपून ठेवली. १९५१ साली बाई गेल्या. मागून सोपानदेवांनी ती वही भीत भीत आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव दिले गेले. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिच्या नावाच्या पदव्या आज पोरे घेतात! पण मला ह्या गोष्टीत आनंदापेक्षा धास्ती जास्त वाटते. सोपानदेव कविता करणारे निघाले म्हणून वही राहिली. ज्यांचे पोर वीटभट्टीवर होते त्यांच्या ओव्या कुठे गेल्या? माझ्या आजीला मोराची एक लांब ओवी येत असे, तिच्यातला मला आज एक शब्द आठवत नाही. ती मेली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, मला लिहिता-वाचता उत्तम येत होते आणि घरात वह्या होत्या. त्या वह्यांत मी क्रिकेटचे धावफलक लिहिले आहेत.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, मग कोणास राग येवो. आपल्या लोकांनी आपले हातकाम सोडले ते केवळ यंत्रांमुळे नव्हे. यंत्रांनी पोटावर पाय दिला हे खरेच. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली "शेतकऱ्याचा असूड" लिहिला त्यातही विलायती यंत्राच्या मालाने येथल्या कारागिरांचे काय झाले ते सांगितले आहे. पण दुसरे कारण लाज आहे. जो हाताने करतो तो हलका आणि जो करवून घेतो तो भारी, अशी शिकवण आमच्या डोक्यात इतक्या पिढ्या कोंबली गेली की आम्ही ती आपली म्हणून पाळू लागलो. बुरुडाचे पोर सोयरिकीच्या वेळी बाप टोपल्या विणतो हे लपवते. मी स्वतः कारखान्यात असताना सुतार असे आडनाव सांगत नसे, गावाच्या नावावरून सांगे. आणि तीच टोपली शहरातल्या दुकानात काचेमागे ठेवली, तिला तीनशे रुपयांची चिठ्ठी लावली, की आमचेच पोर ती पाहून "वा" म्हणते. टोपली तीच. मधे फक्त विणणाऱ्याचे नाव पुसले गेले आहे.

वारली चित्रांचे असेच झाले. ती आज चादरींवर, कपांवर, सरकारी भिंतींवर सर्वत्र दिसतात. कित्येक तर यंत्रावर छापलेली असतात आणि ती छापणाऱ्याने वारल्याचे घर कधी पाहिलेले नसते. २०१४ साली वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशनाखाली कायद्याने नोंद झाली, म्हणजे हे नाव त्या मुलुखातल्या त्या लोकांच्या कलेचे म्हणून मान्य झाले. चांगले झाले. परंतु कायद्याचा कागद कपाटात राहतो, चादर बाजारात विकली जाते. म्हणून माझे शहापूर-मुरबाडच्या कारागिरांना सांगणे आहे की, आपल्या वस्तूवर आपले नाव घाला. मग ते सूप असो, कणगी असो, इरले असो. बुरुड बाईंनो, तुम्ही काठाला एक रंगीत पट्टी घालता, ती तुमच्या आईची असते, दुसऱ्या गावची बाई ती घालत नाही. तीच तुमची सही आहे, घाई म्हणून ती गाळू नका. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराच्या दर्शनाला लाखांनी माणूस येते, बैलांचा बाजार भरतो, घोंगड्या विकल्या जातात. घोंगडी घेताना आपण ती डोळ्यांसमोर धरतो, ओढून पाहतो आणि भाव पाडतो. ह्या खेपेस भाव पाडण्याआधी विणणाऱ्याला त्याचे गाव तरी विचारा. मी गेल्या वर्षी विचारले. तो धनगर बांधव आधी चपापला, त्याला वाटले मी फसवणुकीची तक्रार करणार. मग कांडी कशी भरतात, खळ कशाची देतात, हे तासभर सांगत राहिला. घोंगडी मी घेतली नाही, पैसे नव्हते. तरी जाताना त्याने चहा पाजला.

मुलांविषयी एक सांगून बसतो. आपली पोरे संध्याकाळभर मोबाईल घेऊन ओट्यावर बसतात म्हणून आपण ओरडतो. पण त्यांच्या हातात दुसरे काय दिले आपण? माझ्या वडिलांनी प्रेमापोटीच माझ्या हातातून वाकस काढून घेतला, मला दोष देता येत नाही. पण त्याच्या जागी जे दिले ते दुसऱ्याच्या मर्जीचे होते, फाटकावर कागद लागला की संपले. पोरांनी सुतारच व्हावे, बुरुडच व्हावे, असे मी म्हणत नाही. जातीच्या धंद्याचा खुंटा पुन्हा गळ्यात बांधायचा नाही. ठाकराचे पोर पटाशी धरो, सुताराची पोरगी चौक लिहो, मराठ्याच्या सुनेने टोपली विणावी. डॉक्टर होऊन विणली तरी चालेल.

तो पाळणा मी आज येथे आणला आहे, बाहेर पिंपळाच्या पारावर ठेवला आहे. बारा वर्षे झाली. त्यात शेजारची तीन मुले वाढली, मग तो त्यांच्या मावशीकडे शहापूरला गेला, तेथे आणखी दोन. आता आमच्याच थोरल्या मुलीसाठी परत मागवला आहे. दोऱ्या बदलायच्या आहेत. एका राघूची चोच कोणा पोराने दात शिवशिवत असता चावून मोडली आहे, दातांचे ठसे स्वच्छ दिसतात. मी ती चोच उद्या सकाळी नवी बसवणार आहे, दातांचे ठसे मात्र तसेच ठेवणार. शिवणीचा एक तुकडा जास्तीचा आणला आहे आणि पटाशा तीन आहेत. ज्या मुलामुलींना हात लावून पाहायचा असेल त्यांनी न्याहारी करून पारावर यावे. पटाशीला धार आहे, तेव्हा लहानांबरोबर कोणीतरी मोठे माणूस असावे.